रुई राखायची की उपटायची?

माणदेशात पाऊस वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटर, तोही लहरीवर. वैशाखात तिथल्या बांधांवर हिरवं म्हणावं असं फारसं काही उरत नाही. उरते ती रुई. पुरुषभर उंच, कधी त्याहूनही वर गेलेली, राखाडी पानांची आणि ऐन उन्हात फुललेली. आटपाडीजवळ माझ्या मामांची कोरडवाहू जमीन आहे. तिच्या पश्चिमेच्या बांधावर अशा रुईची रांग आहे आणि ती काढायची की ठेवायची यावरून आमचा वाद बरेच दिवस चालू आहे. मामांनी उभा जन्म शेतीत घातला. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. मामांचं म्हणणं बहुतेक शेतकऱ्यांचं म्हणणं आहे आणि ते पोकळ नाही, म्हणून दोन्ही बाजू इथे मांडते.

"रुई ही काय राखायची वस्तू हाय का?" मामा म्हणतात. "उकिरड्यावर येती, पडक्या वाड्याच्या भिंतीत येती. जे न पेरता उगवतं ते तण. तणाला आज बांधावर थारा दिला की उद्या ते शेतात पाय पसरणार."

"तण तर तण म्हणा, मामा. पण हे तण इथलं आहे. गाजरगवत अमेरिकेतून आलं, घाणेरीही तिकडचीच. रुई कुणी बाहेरून आणलेली नाही."

"इथली असली म्हणून काय झालं? पसरायची ती पसरतीच."

"किती पसरते त्यात फरक पडतो. रुईची एक जात माणसांनी ऑस्ट्रेलियात नेली. तिथं उत्तरेकडच्या कुरणांत ती आता मोठी डोकेदुखी झाली आहे. आपल्याकडं तसं होत नाही, कारण तिला खाणारे तिच्याबरोबरच इथं नांदत आलेत."

"खाणारं कोण? शेरडंबी तोंड लावत न्हाईत तिला!"

शेरडं सहसा तोंड लावत नाहीत हे खरंच. पान तोडलं की पांढरा चीक भळभळतो आणि त्या चिकात हृदयावर परिणाम करणारं विष असतं. पण रुईचं पान उलटं करून बघितलं तर त्याच्या पाठीवर एखादी अळी सापडते: काळी, पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची, पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ही प्लेन टायगर या नारिंगी फुलपाखराची अळी. ती सरळ खायला लागत नाही. आधी पानाची शीर कुरतडते, चीक तिथूनच वाहून जाऊ देते आणि मग शिरेच्या पुढचा कोरडा पडलेला भाग खाते. पानातलं थोडं विष तिच्या अंगात साठतं, ते फुलपाखरातही उतरतं, आणि पक्षी एकदा चव घेतल्यावर पुन्हा त्याच्या वाटेला जात नाहीत. दुसऱ्या एका फुलपाखराच्या मादीनं तर हुबेहूब त्याच्यासारखाच रंग घेतला आहे. अंगात विष नसूनही त्या रंगामुळे ती वाचते. मी मामांना अळी दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिली.

"चीक आधी काढती व्हय. हुशार हाय." मग लगेच, "पन फुलपाखरू माझ्या घरात दाना आनतं का?"

हा प्रश्न टाळता येत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला बांधावरची वीतभर जागासुद्धा महाग असते. फुलपाखरं सुंदर आहेत हे कारण त्याला पुरणार नाही, आणि पुरावं अशी अपेक्षाही करू नये. म्हणून मी त्यांना फुलाकडे नेलं.

रुईचं फूल नीट पाहिलेला माणूस क्वचित भेटतो. मारुतीच्या माळेसाठी पानं तोडणाऱ्यांचंही फुलाकडे लक्ष नसतं. पाच जाड, मेणचट, फिकट जांभळ्या पाकळ्या, आणि मधोमध पाच कंगोऱ्यांचा उंचवटा. कंगोऱ्यांच्या तळाशी मध साचतो. दोन कंगोऱ्यांच्या मधे उभी बारीक फट असते आणि फटीच्या वर मोहरीहूनही बारीक काळा ठिपका. जास्वंदीला बोट लावलं की पिवळी पूड लागते, तसं इथं काहीच लागत नाही. रुईचे परागकण सुटे नसतात. ते दोन चपट्या पिवळ्या पिशव्यांत घट्ट भरलेले असतात आणि त्या पिशव्या काळ्या ठिपक्याच्या दोन्ही अंगांना पडशीसारख्या लोंबतात. मध प्यायला बसलेल्या कीटकाचा पाय फटीत घसरतो, वर ओढताना काळ्या ठिपक्यात अडकतो आणि पायाबरोबर सगळी पडशीच बाहेर येते. पुढच्या फुलावर तीच पिशवी फटीत बरोबर बसली तर बी धरतं. याला जोर लागतो. मोठा काळा भुंगा तो जोर लावतो. झाडाला फुलांचे घोसच्या घोस येतात आणि शेंगा मात्र मोजक्याच दिसतात, त्याचं कारण हे अवघड कुलूप.

"म्हंजे रुईला भुंगा लागतो," मामा म्हणाले. "मला कशाला लागतो?"

"तुमच्या वांग्याला लागतो, मामा."

परसाच्या वाफ्यात वांगी होती. वांग्याच्या फुलात मध नसतो. परागकण असतात, पण तेही पिवळ्या नळ्यांत बंद, आणि नळीच्या टोकाला सुईच्या अग्राएवढं भोक. भुंगा त्या नळ्या पोटाशी धरतो आणि पंख न हलवता पंखांचे स्नायू थरथरवतो. उडतानाचा त्याचा आवाज वेगळा आणि हा वेगळा, जास्त चढा. कान देऊन ऐकलं तर फरक लगेच कळतो. त्या थरथरीनं परागकण भोकातून झडून त्याच्या पोटावर पडतात. मधमाशीला ही कला येत नाही. पेटीत हजारो मधमाश्या असल्या तरी त्यांतली एकही वांग्याचं फूल असं हलवू शकत नाही. वाऱ्यानंही काही परागकण झडतात, वांगी अगदी लागत नाहीत असं नाही. पण भुंगा बसून गेलेल्या फुलाचं फळ जास्त चांगलं भरतं. टोमॅटोचं फूलही याच घडणीचं. तूर स्वतःच्या परागांवर शेंगा धरते, तरी भुंगे आणि मोठ्या रानमाश्या फिरल्या की शेंगा वाढतात. शेवग्याच्या फुलांवरही याच भुंग्यांची ये-जा असते.

मामा वांग्याच्या वाफ्याकडे बघत राहिले आणि त्यांनी विचारलेला प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांनी आजवर विचारलेला नाही.

"मग बांधावर रुईचा मध फुकट मिळत असंल तर भुंगा माझ्या वांग्यावर येईल कशाला? तिथंच बसून ऱ्हाईल की."

याचं उत्तर रुईच्या त्या बंद पिशव्यांतच आहे. रुई भुंग्याला मध देते, पण खायला पराग देत नाही. तिचे पराग पिशवीत बंद, भुंग्याच्या पिल्लांना ते निरुपयोगी. आणि पिल्लांना वाढायला परागच लागतात. मादी लाकडात बीळ कोरते, त्यात पराग आणि मध कालवून गोळा करते, त्यावर अंडं घालते आणि भुश्यानं ती खोली बंद करते. म्हणजे रुईवर पोट भरलेल्या मादीला परागांसाठी दुसरीकडे जावंच लागतं. वांग्याकडे जाते, तुरीकडे जाते, नाहीतर तरवडाकडे. तरवड माणदेशच्या माळावर भरपूर. त्याची साल पूर्वी कातडं कमवायला जायची. त्याच्या पिवळ्या फुलात मधाचा थेंब नाही, नुसते पराग, आणि तेही वांग्यासारखे थरथरवून काढायचे. एका झाडाकडं मध, दुसऱ्याकडं पराग, आणि दोन्ही एकाच उजाड माळावर. या दोघांची जोडी मला फार मोलाची वाटते. मामांनी बांध साफ करायला काढला तेव्हा ते रुई आणि तरवड दोन्ही काढणार होते.

"पन रुई नसली तरी भुंगा येतोच की तुरीवर. माझ्या आज्याच्या काळातबी तूर पिकत होती."

"आज्याच्या काळात बांध रुंद होते, मामा. बाभळी होत्या, करंज होता, ओढ्याला निर्गुडी होती. आता बांध नांगरून नांगरून हातभर राहिलाय. तूर फुलणार अश्विन-कार्तिकात. तोवर, विशेषतः चैत्र-वैशाखात, भुंग्यानं खायचं काय? तो मधमाशीसारखं मोहोळ बांधून मध साठवत नाही. त्याला फूल लागतंच."

इथं रुईचं कसब कामाला येतं. तिचं मूळ सरळ खोल जातं. पानांवर मेणाचा आणि बारीक लवेचा थर असतो, त्यामुळे उन्हात पाणी फारसं उडत नाही. चोपण जमिनीतही ती तग धरते. थोडीबहुत फुलं वर्षभर येतात आणि बहर येतो तो उन्हाळ्यात, बाकीच्यांनी हात टेकल्यावर. दुष्काळात फुलणारं झाड बांधायचं म्हणून कुणी आराखडा काढला असता तर तो याहून फार वेगळा झाला नसता.

मामांचा पुढचा मुद्दा पेट्यांचा. शासनाच्या योजनेतून पेट्या मिळतात, महाबळेश्वरकडं मांघर हे गाव तर 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, मग रानटी भुंगा कशाला पाळायचा? पेट्यांना माझा विरोध नाही. मांघरला जंगल जवळ आहे, फुलोरा आहे. माणदेशात उन्हाळ्यात सातेरी मधमाश्यांची पेटी ठेवली तर तिला साखरेचा पाक पाजावा लागेल, सावली करावी लागेल, पाणी ठेवावं लागेल. भुंगा यातलं काही मागत नाही. त्याला फूल द्या आणि वाळलेलं लाकूड द्या.

"लाकूड कसलं देतीस! त्यानं गोठ्याच्या वाशाला भोकं पाडली." मामा वारकरी आहेत, ज्ञानेश्वरी त्यांच्या रोजच्या वाचनात. "माउलींनी पहिल्याच अध्यायात सांगितलंय की, भुंगा कोरडं लाकूड पोखरतो आनि कमळाच्या कळीत मात्र अडकून पडतो म्हनून."

माउलींचा तो भ्रमर हाच असणार. कोरड्या लाकडात इतकं गोल, साफ भोक पाडणारा दुसरा मोठा भुंगा आपल्याकडं नाही. तो लाकूड खात नाही, राहायला घर करतो. वाशाचा त्रास खरा आहे आणि त्याला उपायही सोपा आहे: वाशाला तेल किंवा रंग लावायचा, आणि बांधावर घायपाताचे वाळलेले दांडे किंवा जाड बांबूचे तुकडे आडवे बांधून ठेवायचे. मऊ घर मिळालं तर तो सागाच्या वाशाशी झगडत बसत नाही. नर घोंघावत अंगावर येतात, पण त्यांना नांगी नसते. मादीला असते, पण मुठीत धरल्याशिवाय ती सहसा डसत नाही.

(भुंग्याबद्दल आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या भीमाशंकरच्या जंगलात रात्री उडणारी भुंग्याची एक जात आहे. हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर काम केलं आणि 2008 मध्ये दाखवून दिलं की हा भुंगा नुसत्या चांदण्यांच्या उजेडातही रंग ओळखतो. आपल्याला तेव्हा हातातली काठी दिसत नाही.)

माव्याचं काय, हा मामांचा प्रश्नही रास्त होता. रुईच्या कोवळ्या शेंड्यावर पिवळाजर्द मावा असतो. "तो ज्वारीवर, हरभऱ्यावर येनार." हा मावा रुई-कण्हेरीच्या कुळावर जगणारा, ज्वारी-हरभरा त्याचं खाणं नव्हे. उलट त्याच्यावर ढालकिडे पोसतात, त्यांच्या अळ्या वाढतात, आणि शेतात मावा पडला की तेच ढालकिडे शेतात उतरतात.

एवढं झाल्यावर मामा ज्या मुद्द्यावर आले तिथं मी वाद घातला नाही.

"वस्तीवरच्या एका पोराच्या डोळ्यात चीक गेला. दोन दिस दिसंना त्याला. आनि पूर्वी अडलेल्या बायाबापड्यांनी काय काय केलं या चिकानं, ते तुला म्हाईत न्हाय. जीव गेलेत."

माहीत आहे. गर्भ पाडायला रुईचा चीक वापरला जाई आणि त्यात बायका मरत. आजही घरगुती औषध म्हणून रुईचं पान, चीक पोटात देणारे आहेत. ते करू नये. डोळ्यात चीक गेला तर पहिल्यांदा फारसं दुखत नाही, म्हणूनच माणूस दुर्लक्ष करतो, आणि काही तासांनी बुबुळ सुजून नजर धूसर होते. लगेच भरपूर स्वच्छ पाण्यानं डोळा धुवावा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. शाळेच्या वाटेवर, अंगणात, पाणवठ्यावर, वैरणीच्या जागेजवळ रुई असू नये. हे मामांचं म्हणणं मी जसंच्या तसं मान्य केलं.

मामांनी गायरानाचा विषयही काढला. गावच्या गायरानात आता गवत कमी आणि रुईच जास्त. हा रुईचा गुण नव्हे, आपला दोष आहे. ढोरं गवत मुळापासून खातात, रुईला शिवत नाहीत, मग मोकळी जमीन रुईलाच मिळते. तिथं रुई वाढवा असं मी म्हणणार नाही. तिथं चराईला आळा घालून गवत परत आणायला हवं. रुईची जागा बांधाच्या कोपऱ्यात, पडीक कडेला, जिथं दुसरं काही टिकत नाही तिथं. बोंडं उकलायच्या आधी बहुतेक खुडून टाकली तर म्हाताऱ्या उडून शेजारच्या शेतात जाणार नाहीत, आणि शेजाऱ्याशी भांडणही होणार नाही.

ज्यांच्याकडं रुई नाही त्यांनी लावायची कशी? उन्हाळ्यात बोंड उकलायला लागलं की बी काढून घ्यावं, कापूस झटकून टाकावा. वाळूमिश्रित मातीच्या उंच पिशवीत बी टाकावं. आठवड्या-दोन आठवड्यांत उगवतं. मूळ सरळ खाली धावतं म्हणून पिशवी खोल हवी, आणि एकदा जमिनीत गेलेलं झाड नंतर हलवू नये. अंगठ्याएवढ्या जाड फांदीनंही लागते, पण कापल्यावर ती सावलीत ठेवून चीक वाळू द्यावा आणि मगच मातीत खोचावी. पहिल्या पावसानंतर लावावी, दोन झाडांत दोन मीटर अंतर ठेवावं, पहिलं वर्षभर ताण फार पडला तर पाणी द्यावं, पुढं नाही दिलं तरी चालतं. फार वाढली तर गुडघ्याएवढी छाटावी, पुन्हा फुटते. छाटताना हातमोजे आणि चष्मा हवाच. शेजारी तरवड लावला तर काम पुरं झालं. आणि तूर फुलोऱ्यात असताना घाटेअळीसाठी फवारा मारायचीच वेळ आली तर दिवसा मारू नये. भुंगे घरी गेल्यावर, अंधार पडता पडता मारावा.

मामांचं मत पूर्ण बदललेलं नाही. "मी काय रुई लावनार न्हाय," ते म्हणतात. "हाय ती असू दे." विहिरीजवळची दोन झाडं त्यांनी मुळासकट काढली आणि ते बरोबर केलं. पश्चिमेच्या बांधावरची रांग तशीच आहे. फुलपाखरासाठी नाही, वांग्यासाठी, असं त्यांनी मला बजावून सांगितलं आहे. मला त्यांचं कारण माझ्या कारणापेक्षा पक्कं वाटतं.

तुमच्या बांधावर रुई असेल आणि तणनाशकाचा पंप भरून ठेवला असेल, तर एवढंच करा: एखाद्या उन्हाळी दिवशी ऊन चढायच्या आत तिच्याजवळ अर्धा तास उभे राहा, फुलांवर कोण येतं ते बघा, तिथून ते कुठल्या पिकावर जातं तेही बघा. मग काढायची झाडं काढा आणि ठेवायची ठेवा.